वीस मिनिटांचा चंगाष्टा: पट आखण्यापासून शेवटची सोंगटी पिकेपर्यंत

मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, अकोला या पट्ट्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि नवतपा लागला की खेड्यात दुपारी बारा ते चार या वेळेत शेताकडे कोणी फिरकत नाही. घरातली सगळी माणसे एकाच छपराखाली बसलेली असण्याची वर्षातली ही एक हक्काची वेळ असते आणि याच वेळेला घरात एखादा खेळ असावा असे वाटते. तो खेळ आठ वर्षांच्या नातीला आणि सत्तरीच्या आजीला एकत्र खेळता यावा, मधेच कोणी चहा ठेवायला किंवा गाईला पाणी दाखवायला उठले तरी मोडू नये, त्याला वीज लागू नये आणि पैसाही लागू नये. या सगळ्या अटी पुरवणारा खेळ आपल्याकडे पूर्वीपासून आहे. त्याला कुठे चंगाष्टा, कुठे अष्टाचंगा, तर कुठे चौवाअष्टा म्हणतात आणि तेलुगू घरांत, म्हणजे सिरोंच्याकडे गेल्यास, तोच अष्टाचम्मा होतो. नियम घरागणिक थोडे बदलतात, पण पंचवीस घरांचा पट, चार कवड्या आणि बाहेरून फिरून मधल्या घरात पोहोचणे हा गाभा सगळीकडे सारखाच आहे.

हा खेळ मागे पडला, याचे कारण तो कंटाळवाणा आहे हे नव्हे, तर तो बहुतेक घरांत फार लांबवून खेळला जातो. प्रत्येकी चार सोंगट्या, चंग किंवा अष्टा (म्हणजे चार किंवा आठचे दान) पडल्याशिवाय सोंगटी बाहेर काढायची नाही आणि नियमांवरून दर दोन डावांनी भांडण, अशा पद्धतीने बसले की तास-दीड तास जातो आणि लहान मुले उठून जातात. खाली दिलेली पद्धत त्याच खेळाची आटोपशीर मांडणी आहे. मांडणी, नियम आणि डावपेच असे सगळेच सांगितले आहे, पण ज्याला पूर्वीपासून खेळता येते त्याने निदान "थांबायचे कुठे" हा भाग वाचावा, कारण या खेळात दान टाकणे हे नशीब आहे आणि सोंगटी कोठे उभी करायची हे आपल्या हातात आहे.

पट

छपरीतल्या किंवा ओसरीच्या फरशीवर खडूने, विटेच्या तुकड्याने किंवा कोळशाने एक चौरस काढावा. त्याची बाजू साधारण हातभर, म्हणजे 35 ते 40 सेंटिमीटर असावी. आत उभ्या चार आणि आडव्या चार रेघा मारल्या की पाच गुणिले पाच अशी पंचवीस घरे तयार होतात. प्रत्येक घर चार बोटे रुंद असले म्हणजे त्यात तीन-चार सोंगट्या सुखाने मावतात. याहून लहान घरे केली तर सोंगट्या रेघेवर बसतात आणि ती नेमकी कोणत्या घरात आहे यावर वाद सुरू होतो.

आता चारही बाजूंच्या बरोबर मधल्या घरांत आणि पटाच्या मध्यावरच्या घरात फुली मारावी. अशा पाच फुल्या होतात. बाजूंच्या चार फुल्या ही चार खेळाडूंची घरे आहेत आणि मधली फुली हे सर्वांचे शेवटचे मुक्कामाचे घर आहे. फुलीच्या घरात उभ्या असलेल्या सोंगटीला कोणीही मारू शकत नाही, मग ती फुली कोणाचीही असो. पट कायमचा हवा असेल तर जाड पुठ्ठ्यावर किंवा जुन्या पांढऱ्या धोतराच्या दुहेरी तुकड्यावर आखून घ्यावा. कापडी पट घडी करून कवड्यांसह एका डब्यात राहतो आणि शेतावरच्या मांडवातही नेता येतो.

कवड्या, चिंचोके आणि सोंगट्या

दान टाकण्यासाठी चार कवड्या लागतात. पोळ्याच्या आधी बाजारात बैलांच्या साजाची दुकाने लागतात, त्यांत कवड्यांच्या माळा मिळतात. जुनी माळ तुटलेली असेल तर घरातच चार कवड्या सापडतील. माळेसाठी पाठीला भोक पाडलेल्या किंवा पाठ घासून सपाट केलेल्या कवड्या मात्र टाळाव्यात, कारण त्या एकाच बाजूला जास्त पडतात.

कवड्या नसतील तर चिंचोके उत्तम. चार मोठे, सारख्या आकाराचे, कोरडे चिंचोके घेऊन त्यांची एकच बाजू खरबरीत दगडावर घासावी. वरचे तपकिरी कवच निघून आतला पांढरट गर सपाट दिसू लागला की थांबावे. चिंचोके पाण्यात भिजवून घासण्याचा मोह होतो, पण भिजल्यावर ते फुगतात, चिकट होतात आणि वाळल्यावर वाकडे बसतात. चारही सारखेच घासले गेले पाहिजेत, एवढीच काळजी घ्यायची.

दाने एकतर्फी पडत नाहीत ना, हे पहिल्या दिवशी एकदा पाहून घेणे चांगले. चार कवड्या पंचवीस वेळा टाकाव्यात आणि प्रत्येक वेळी किती उताण्या पडल्या ते मोजत जावे. एकूण शंभरांपैकी चाळीस ते साठ उताण्या आल्या तर कवड्या खेळायला योग्य आहेत. वीस किंवा ऐंशी आल्या तर त्या बदलाव्यात. हे काम मुलांना द्यावे, ती ते आनंदाने करतात.

सोंगट्यांसाठी काहीही चालते, फक्त चौघांच्या वस्तू लांबून वेगळ्या ओळखू याव्यात. फुटक्या बांगडीचे तुकडे, सीताफळाच्या बिया, लहान खडे आणि शर्टाची बटणे असे चार प्रकार सहज जमतात. तूर किंवा सरकी घेऊ नये, ती फटींत जाते, आणि अंगणात कोंबड्या असतील तर डाव अर्ध्यातच संपतो. घरात रांगणारे मूल असेल तर बटणे आणि बिया त्याच्या हाताला लागणार नाहीत अशाच जागी बसावे, कारण अशा लहान वस्तू घशात अडकतात.

दान

कवडी तोंड वर करून पडली की ती उताणी आणि पाठ वर करून पडली की पालथी. चिंचोक्यांत घासलेली पांढरी बाजू वर आली की ती उताणी धरावी. उताण्या मोजायच्या: एक उताणी असेल तर एक, दोन असतील तर दोन, तीन असतील तर तीन. चारही उताण्या पडल्या तर चार, त्याला चंग म्हणतात. चारही पालथ्या पडल्या तर शून्य न धरता आठ धरतात, तो अष्टा. चंग किंवा अष्टा पडला की चाल करून पुन्हा एकदा दान टाकायला मिळते.

प्रत्येक कवडी दोनच प्रकारे पडू शकते, म्हणून चार कवड्यांच्या पडण्याच्या एकूण सोळा तऱ्हा होतात. त्यांपैकी सहा तऱ्हांत दोन येतात, चार तऱ्हांत एक, चार तऱ्हांत तीन, एकाच तऱ्हेत चंग आणि एकाच तऱ्हेत अष्टा. कवड्या बऱ्यापैकी सारख्या असतील तर हे आकडे व्यवहारात जवळजवळ असेच राहतात. पुढचा बहुतेक डावपेच याच एका हिशेबावर उभा आहे, म्हणून दोनचे दान सर्वांत जास्त पडते आणि चार किंवा आठचे क्वचितच, एवढे तरी लक्षात ठेवावे.

दान टाकताना कवड्या मुठीत घेऊन हलवाव्यात आणि जमिनीपासून निदान वीतभर उंचीवरून सोडाव्यात. हळूच ठेवल्यासारखे टाकले तर हातचलाखी होते आणि ती करण्यात आजोबांच्या पिढीतले काही लोक विलक्षण तरबेज असतात. एखादी कवडी भिंतीला टेकून तिरपी राहिली किंवा पटावर चढली तर चारही कवड्या पुन्हा टाकाव्यात, एकटी ती नव्हे. सारवलेल्या जमिनीवर कवड्या पडल्या जागी थांबतात, टाइल्सवर मात्र त्या दूर घरंगळतात आणि त्यांच्या आवाजाने दुपारी झोपलेली माणसे उठतात, म्हणून टाइल्स असतील तर दान टाकायच्या जागी गोणपाट अंथरावे.

वाट

चार खेळाडू चार बाजूंना बसतात. प्रत्येकाने आपल्या समोरच्या फुलीवर आपल्या सोंगट्या ठेवाव्यात. सोंगटी आपल्या घरातून निघून आपल्या उजव्या हाताकडे जाते आणि पटाच्या कडेकडेने बाहेरची फेरी घालते. बाहेरच्या फेरीत सोळा घरे आहेत. पंधरा घरे चालून झाली की सोंगटी आपल्या घराच्या लगत डावीकडे येते. तेथून ती आपल्या घरात परत न जाता सरळ पुढे, आतल्या फेरीत वळते. आतली फेरी आठ घरांची असून तीत दिशा उलटी होते. बाहेर सोंगट्या घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरतात, आत त्या काट्यांच्या दिशेने फिरतात. आतली आठ घरे संपली की सोंगटी आपल्या घराच्या बरोबर समोर, मधल्या फुलीला खेटून उभी असते आणि पुढचे एक पाऊल म्हणजे फुली. अशा रीतीने आपल्या घरापासून मध्यापर्यंत एकूण चोवीस पावले होतात.

नव्या माणसाचे दोन गोंधळ ठरलेले असतात. सोंगटी ज्या घरात उभी आहे ते घर मोजणीत धरायचे नाही, पुढचे घर एक. आणि वळण आपल्या घराच्या आधीच्या घरातून घ्यायचे, आपल्या घरातून नव्हे. खेळ सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने एक सोंगटी बोटाने चोवीस पावले फिरवून दाखवावी. त्यात दोन मिनिटे जातात आणि पुढचे निम्मे वाद टळतात.

आधी ठरवायच्या गोष्टी

प्रत्येकी किती सोंगट्या घ्यायच्या, हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. वरच्या हिशेबाने एका दानाची सरासरी अडीच घरे येते आणि चंग-अष्ट्यानंतरचे जास्तीचे दान धरले तरी एका पाळीत सोंगटी सरासरी तीन घरांपेक्षा थोडी कमीच पुढे सरकते. चार सोंगट्यांची मिळून शहाण्णव पावले होतात, म्हणजे कोणी मारले नाही तरी प्रत्येकाच्या सुमारे चौतीस पाळ्या. दोन सोंगट्या घेतल्या तर अठ्ठेचाळीस पावले आणि सुमारे सतरा पाळ्या. एका पाळीला दहा सेकंद धरले तर चौघांचा दोन सोंगट्यांचा डाव बारा-पंधरा मिनिटांत आणि मारामारी झाली तर वीसेक मिनिटांत आटोपतो. म्हणून कुटुंबात बसायचे तर दोनच सोंगट्या घ्याव्यात. एकच सोंगटी घेऊ नये, कारण मग निवड करायला काही उरत नाही आणि खेळ नुसता दाने टाकण्याचा होतो.

दुसरी गोष्ट, सोंगट्या सुरुवातीपासूनच मोकळ्या ठेवाव्यात. चंग किंवा अष्टा पडल्याशिवाय सोंगटी निघत नाही हा जुना नियम जुन्या लोकांना प्रिय आहे, पण त्याचा हिशेब पाहा. चंग किंवा अष्टा पडण्याची शक्यता सोळांत दोन, म्हणजे आठांत एक. दहा पाळ्या झाल्या तरी एकही न पडण्याची शक्यता जवळजवळ चारांत एक राहते. चौघे खेळत असतील तर त्यांतला एखादा डावाच्या निम्म्या वेळेपर्यंत नुसता बघत बसणार, आणि तो बहुधा सर्वांत लहान मुलगा असतो असा अनुभव सगळ्यांनाच असेल.

तिसरी गोष्ट तोड. दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आपली कोणतीही सोंगटी आतल्या फेरीत वळवायची नाही, असा हा नियम आहे. हा मात्र मोडू नये, कारण खेळाची चव त्यातच आहे. तोड नसेल तर सगळे फुलीवरून फुलीवर उड्या मारत शांतपणे मध्यावर जातात. तोड न झालेली सोंगटी वळणाच्या घरात उभी राहते, असे काही ठिकाणी खेळतात, परंतु त्यामुळे खेळ तुंबतो. त्याऐवजी ती सोंगटी आपल्या घरावरून पुढे जाऊन पुन्हा बाहेरची फेरी घालू लागेल, असे ठरवावे. सात-आठ वर्षांची मुले पहिल्यांदाच खेळत असतील तर एक-दोन डाव त्यांच्यापुरती तोड माफ करावी, मोठ्यांना नको.

उरलेले नियम थोडक्यात. ज्या घरात दुसऱ्याची सोंगटी आहे त्या घरात आपली सोंगटी नेमकी पोहोचली आणि तेथे फुली नसेल तर दुसऱ्याची सोंगटी मरते, म्हणजे आपल्या घरी परत जाते आणि पुन्हा पहिल्यापासून चालू लागते. मारणाऱ्याला जास्तीचे एक दान मिळते. वरून उडी मारून पुढे गेल्यास कोणी मरत नाही. एकाच घरात एकाच्या दोन सोंगट्या असतील आणि तेथे दुसरा पोहोचला तर दोन्ही मराव्यात, हे सोपे पडते. मध्यावरच्या फुलीत जायला नेमके तेवढेच दान लागते, जास्त पडल्यास ती सोंगटी हलत नाही. एखादी तरी सोंगटी हलू शकत असेल तर चाल सोडता येत नाही. आणि जास्तीचे दान टाकण्यापूर्वी आधीची चाल पूर्ण करावी. दाने साठवून नंतर वाटून घेण्याची पद्धत रंगतदार आहे, पण मुलांचा आणि थकलेल्या माणसांचा त्यात घोळ होतो. पाळी उजवीकडे जाते. ज्याच्या दोन्ही सोंगट्या आधी पिकल्या, म्हणजे मध्यावर पोहोचल्या, तो जिंकला. पैसे लावू नयेत. पोळ्याच्या दिवसांत गावोगाव जे चालते ते आपल्या छपरीत आणायचे कारण नाही.

थांबायचे कुठे

आता खरा खेळ. आपली सोंगटी दुसऱ्याच्या सोंगटीच्या पुढे किती घरांवर उभी आहे, यावर तिचा धोका ठरतो. एक घर पुढे असेल तर तिला मारणारे दान सोळांत चार वेळा पडते, तीन घरे पुढे असली तरी तितकेच, पण दोन घरे पुढे असेल तर सोळांत सहा वेळा पडते. चार घरे अंतर पडले की धोका एकदम सोळांत एकवर येतो आणि पाच, सहा, सात घरांवर तर त्याहूनही कमी होतो, कारण तेथे मारायला आधी चंग आणि मग नेमके दुसरे दान लागते. बरोबर आठ घरांवर तो पुन्हा सोळांत एक होतो. चार घरे पुढे निसटता येत असेल तर निसटावे, आणि तसे जमत नसेल तर निदान दोन घरांवर थांबणे टाळावे, असा सरळ नियम यातून निघतो.

याच हिशेबातून कोपऱ्यांची गोष्ट कळते. पटाचे चारही कोपरे प्रत्येक फुलीच्या बरोबर दोन घरे पुढे येतात. फुलीवर त्या त्या खेळाडूच्या ताज्या किंवा मेलेल्या सोंगट्या बसलेल्या असतात, म्हणून दुसऱ्याच्या घरापुढचा कोपरा ही या पटावरची सर्वांत वाईट जागा आहे. कोपऱ्यातली सोंगटी सुरक्षित असते असा मुलांचा समज असतो आणि तो नेमका उलटा आहे. आपल्या स्वतःच्या घरापुढचा कोपरा मात्र तितका वाईट नाही, कारण आपल्या फुलीवर बहुधा आपल्याच सोंगट्या असतात. तरीही विसाव्याला तेथे दुसऱ्या कोणाची सोंगटी येऊन बसली आहे का, हे पाहूनच पाऊल टाकावे. एखाद्या खेळाडूच्या दोन्ही सोंगट्या त्याच्या घरातून निघून पुढे गेल्या असतील तर त्याच्या घरापुढची तीन घरे जवळजवळ निर्धोक होतात. हे ज्याला दिसते तो डावात एक फेरी पुढे असतो.

एका फुलीपासून पुढच्या फुलीपर्यंत चार घरे असतात. एवढे अंतर एका दानात फक्त चंगाने कापता येते, म्हणून बहुतेक वेळा मधल्या तीन घरांत कोठेतरी थांबावे लागते. येथे दोन सोंगट्यांचा उपयोग होतो. दान पडले की आधी विचारावे: यापैकी एखादी सोंगटी या दानाने फुलीवर जाते का? जात असेल आणि मारण्याची संधी नसेल तर तीच हलवावी. जात नसेल तर जिच्या मागे शत्रू नाही किंवा जी अजून थोडीच चालली आहे, अशी सोंगटी धोक्यात घालावी. नऊ घरे चाललेली सोंगटी मेली तर नऊ पावले गेली, दोन घरे चाललेली मेली तर दोनच. पुढची सोंगटी फुलीवर विसावू द्यावी आणि मागचीने धोका पत्करावा, हा साधा व्यवहार आहे, पण उत्साहात बहुतेक लोक पुढे असलेलीच पळवत राहतात.

एक प्रसंग मांडून पाहू. आजी एका बाजूला, तिच्या उजवीकडे नात, समोर बाबाजी आणि डावीकडे सूनबाई बसल्या आहेत. आजीची एक सोंगटी घरात आहे आणि दुसरी सात घरे चालून बाबाजींच्या घराच्या अलीकडच्या घरात उभी आहे. नातीची एक सोंगटी नातीच्या घरात, म्हणजे आजीच्या या पुढच्या सोंगटीच्या तीन घरे मागे आहे. बाबाजींची सोंगटी नऊ घरे चालून आजीच्या घराच्या लगत पुढे आली आहे. सूनबाईंच्या दोन्ही सोंगट्या अजून घरातच आहेत. आजीला एकचे दान पडते. पुढची सोंगटी एक घर सरकवून फुलीवर नेली तर ती पक्की सुरक्षित होते. घरातली सोंगटी एक घर पुढे टाकली तर बाबाजींची सोंगटी मरते. काय करावे?

मारावे. पुढची सोंगटी उघड्यावर राहिली तर नातीला तीन पडण्याचा, म्हणजे सोळांत चारचा धोका आहे आणि गेली तर सात पावले जातील. त्याउलट मारल्यावर बाबाजींची नऊ पावले आत्ताच बुडतात, आजीची तोड होते आणि जास्तीचे एक दान मिळते, ज्यात पुन्हा एक पडला तर पुढची सोंगटीही फुलीवर जाते. मारणारी सोंगटी सूनबाईंच्या घरापासून पाच घरे पुढे आहे, तिला जवळून धोका नाही. तोड आधीच झालेली असती आणि बाबाजींची सोंगटी दोन-तीनच घरे चाललेली असती, तर मात्र फुलीवर जाणे बरे ठरले असते. बाबाजी यावर काय म्हणतील ते वेगळे. सून सासऱ्याची सोंगटी मारताना थबकते, नात मात्र "बाबाजी, मेली तुमची गोटी!" असे ओरडून मोकळी होते आणि दुसऱ्याच डावात सूनही थबकेनाशी होते.

तोडीचा आणखी एक फायदा फार कमी लोकांच्या ध्यानात येतो. आतल्या फेरीतल्या आठ घरांत एकही फुली नाही, म्हणून ती जागा भीतीची मानली जाते. पण आत येण्याचा अधिकार ज्याची तोड झाली आहे त्यालाच असतो. इतर कोणाची तोड झालेली नसेल तर आतली आठही घरे आपली एकट्याची असतात आणि सोंगटी तेथे निर्धास्त चालते. म्हणून तोड लवकर मिळवावी आणि मिळाल्यावर इतरांना मिळण्यापूर्वी एक सोंगटी तरी आत घालावी. याउलट दोघा-तिघांची तोड झाली असेल आणि त्यांच्या सोंगट्या आपल्या मागे आत शिरण्याच्या बेतात असतील, तर दोन-तीन पाळ्या बाहेरच्या फुलीवर थांबून त्यांना पुढे जाऊ द्यावे. मग मारणारे आपण असतो.

शेवटच्या पावलांसाठी एक बारकावा आहे. मध्याच्या अगदी लगतच्या घरात उभे राहिले तर एकचेच दान लागते आणि ते सोळांत चार वेळा येते. मध्यापासून दोन घरांवर उभे राहिले तर दोन लागतात, ते सोळांत सहा वेळा येतात. म्हणजे एक घर लांब थांबणे हे लगत थांबण्यापेक्षा फायद्याचे आहे. सोंगटी दोन घरांवर असताना एक पडला, तर तो शक्यतो दुसऱ्या सोंगटीवर खर्च करावा. पण त्यासाठी दुसरी सोंगटी पटावर हलती असायला हवी, नाहीतर चाल सक्तीची असल्यामुळे तो एक याच सोंगटीला चालावा लागतो आणि ती लगतच्या घरात जाऊन अडकते. एक सोंगटी झटपट पिकवून दुसरी एकटी मागे ठेवणाऱ्यांचे शेवटी असेच हाल होतात. दोन्ही साधारण बरोबरीने, पाच-सहा घरांच्या अंतराने आणाव्यात.

दोघे किंवा तिघेच असतील तर

तिघे असतील तर एक बाजू रिकामी ठेवावी, तिची फुली मात्र सर्वांना विसाव्यासाठी राहते. बाकी काहीही बदलत नाही.

दोघांनी समोरासमोर बसावे. दोघांच्या मिळून चारच सोंगट्या पटावर असल्या तर गाठी फार कमी पडतात आणि तोड होता होत नाही. म्हणून दोघांच्या डावात प्रत्येकाने आपली आणि उजवीकडची अशा दोन बाजू घ्याव्यात, प्रत्येक बाजूच्या दोन सोंगट्या वेगळ्या रंगाच्या ठेवाव्यात आणि प्रत्येक सोंगटी आपापल्या घरापासूनच चोवीस पावले मोजेल असे ठरवावे. पाळी खेळाडूची असते, बाजूची नव्हे, म्हणजे एका दानाने चारांपैकी कोणतीही एक सोंगटी हलवता येते. तोड एकदा झाली की दोन्ही बाजूंना लागू होते आणि आपलीच दुसऱ्या बाजूची सोंगटी मारता येत नाही. हा डाव लांबतो, अर्धा तास सहज घेतो, पण चार सोंगट्यांतून निवड करायची असल्याने डावपेच अधिक रंगतात. दुपारी झोप न येणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांसाठी तो चौघांच्या डावापेक्षाही चांगला.